अ‍ॅक्सोलॉटलच्या शेपटीचं टोक वळलंय, कडाही झिजल्यात – कृपया मदत करा

बर्फीचीआई | १९ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार. या विभागात बरेच दिवस नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही घाबरून.

आमच्याकडे दीड वर्षापासून एक अ‍ॅक्सोलॉटल आहे. पाण्यातच राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी. आमची पांढरी, काळ्या डोळ्यांची, गुलाबी कल्ल्यांची. मुलाने माइनक्राफ्ट गेममध्ये पाहून हट्ट धरला होता आणि नावही त्यानेच ठेवलं, बर्फी. लांबी साधारण २१ सेंमी. नर की मादी हे नक्की माहीत नाही, पण घरात सगळे 'ती'च म्हणतो.

चार दिवसांपासून तिच्या शेपटीचं टोक बाजूला आकड्यासारखं वळलेलं दिसतंय. आधी वाटलं तशीच झोपली असेल. पण दिवसभरात केव्हाही पाहिलं तरी वळलेलंच. काल शेपटीच्या वरच्या झालरीची कड जुन्या साडीच्या काठासारखी विरलेली दिसली. आज तिथेच एक पांढरा ठिपका आहे. कल्ल्यांचे तुरे पुढे ओढलेले असतात. दोन दिवस काही खाल्लेलं नाही. एरवी खाऊचा चिमटा दिसला की काचेपर्यंत धावत येते.

टँक ३ फुटी, पाणी १०० लिटरच्या आसपास. तळाला वाळू-खडी काही नाही. आतला फिल्टर. दोन छोटे पंखे आणि दुपारी बर्फाच्या बाटल्या मिळून तापमान २३ ते २५. आम्ही लालबागला, तिसऱ्या मजल्यावर. पाणी सोसायटीच्या टाकीचं, हायपो (क्लोरीन घालवणारे थेंब) टाकून वापरते.

दुकानदाराला फोटो पाठवला तर त्याने निळ्या-हिरव्या औषधाची बाटली दिली. म्हणाला, दोन टोपणं टाका, दोन दिवसांत बरी होईल. बाटली समोर आहे. टाकू का? मुलगा अजून झोपलेला नाही.

तळ्याकाठी | २० एप्रिल, सकाळी ६:१५

बाटली उघडू नका. आधी एवढं करा, मग बाकीचं वाचा.

माशांच्या बुरशीवरच्या अशा बऱ्याच औषधांत मॅलकाइट ग्रीन, फॉर्मलिन किंवा तांबं असतं. माशाच्या अंगावर खवले असतात. अ‍ॅक्सोलॉटल उभयचर आहे, बेडकासारखं. त्याची कातडी उघडी आणि झिरपणारी. पाण्यात जे असेल ते थेट अंगात जातं. माशाला सोसणारा डोस याला सोसेलच असं नाही. मी भांडुपला नऊ वर्षं हे प्राणी सांभाळतोय. पहिला प्राणी मी औषधानेच घालवला, रोगाने नाही. म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलो.

आता तिला टबमध्ये काढा. १०-१५ लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, ज्याला कधी साबण लागलेला नाही असा. त्यात क्लोरीन काढलेलं, टँकच्याच तापमानाचं पाणी भरा. वर जाळी किंवा झाकण ठेवा, घाबरली की उडी मारतात. टब अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. रोज सगळंच्या सगळं पाणी बदला. जाळीने धरू नका, झालर अडकून आणखी फाटते. डब्यात पाण्यासकट उचला.

आणि मला या प्रश्नांची उत्तरं हवीत:
अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच किती? ड्रॉप टेस्ट किट (थेंब टाकून पाणी तपासायचा संच) नसेल तर आजच आणा. कागदी पट्ट्यांवर विसंबू नका.
फिल्टर शेवटचा कधी धुतला, आणि कशाने?
फिल्टरच्या तोंडाचा झोत तिच्या बसायच्या जागेवर येतो का?
मागच्या दोन आठवड्यांत सोसायटीची टाकी साफ झाली का?
पांढरा ठिपका कापसासारखा फुललेला आहे, की सपाट?

शेवटून दुसरा प्रश्न विचित्र वाटेल. तरी चौकीदाराला विचाराच.

बर्फीचीआई | २० एप्रिल, दुपारी २:०५

काका, मनापासून धन्यवाद. बाटली तशीच परत नेऊन दिली. बर्फी टबमध्ये आहे. तिला उचलताना माझेच हात थरथरत होते.

अमोनिया २ पीपीएम. नायट्राइट ०.५. नायट्रेट ५ ते १० मधला रंग. पीएच ७.६.

फिल्टर आठवड्यापूर्वी धुतला. स्पंज खूप मळला होता म्हणून नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. झोत काचेवर आपटून खाली येतो आणि ती बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यात असते.

आणि हो, टाकी साफ झाली होती. चौकीदार म्हणाला, त्याच दिवशी सकाळी. ब्लीचिंग पावडर टाकून. जिन्यात नोटीस होती म्हणे, माझ्या नजरेतून सुटली. म्हणजे मी टाकी धुतल्यानंतरच्या पहिल्याच पाण्यात स्पंज धुतला आणि तेच पाणी टँकमध्ये भरलं.

ठिपका सपाट आहे, फुललेला नाही.

तळ्याकाठी | २० एप्रिल, दुपारी ३:३०

मग आजार शेपटीत नाही, पाण्यात आहे. शेपटीने फक्त सांगितलं.

स्पंजवर जो मळ दिसतो त्यातच नायट्रिफाइंग जिवाणू राहतात. तिच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नळाच्या पाण्यातला क्लोरीन असतोच जिवाणू मारण्यासाठी. टाकी धुतल्यावर तो नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे नेहमीचे हायपोचे थेंब पुरत नाहीत. जिवाणू गेले की अमोनिया साठतो आणि झालर, कल्ले, बोटं अशा सगळ्यांत पातळ भागांची आग होते. त्यात पाणी २५ अंश. तापमान आणि पीएच जेवढा जास्त, तेवढा त्याच अमोनियातला विषारी वाटा जास्त. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: १८ अंशांना लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात.

टोक वळण्याचं दुसरं कारण तो झोत. हे प्राणी संथ पाण्यातले. मेक्सिको सिटीजवळच्या सोचीमिल्कोच्या कालव्यांत वाढलेले. सतत अंगावर पाणी आदळलं की शेपटीचं टोक वळतं आणि कल्ले पुढे येतात. दोन्ही खुणा तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिल्यात, त्यावरूनच मला शंका आली. फिल्टरच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा किंवा ते काचेकडे वर वळवा.

यापुढे स्पंज फक्त टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलवून घ्यायचा. नळाखाली कधीच नाही.

प्राण्यांचीडॉक्टर | २० एप्रिल, रात्री ९:२०

मी पशुवैद्य आहे. माझ्याकडे कासवं आणि पक्षी जास्त येतात. अ‍ॅक्सोलॉटल कमी येतात, पण आता वाढलेत. तळ्याकाठींचं निदान मला पटतं. थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक शेपटीचा फोटो पाठवतात आणि प्रत्येकाला वाटतं बुरशीच आहे.

वळलेलं टोक ही ताणाची खूण आहे, रोग नाही. झोपेत शेपटी सैल वळते आणि हालचाल झाली की सरळ होते, त्याची काळजी करू नका. जे वळण पोहतानाही जात नाही, ते बघायचं. मात्र शेपटी मधूनच, हाडापासून वाकडी असेल आणि लहानपणापासून तशीच असेल, तर तो जन्मजात किंवा वाढीतला दोष. तो बरा होत नाही आणि बहुतेक वेळा प्राण्याला त्याचा त्रासही नसतो.

कडा विरणं म्हणजे झालर झिजणं. बर्फीचं तेच आहे. पाणी सुधारलं की झालर परत येते. पण झीज झालरीपुरती न राहता आत स्नायूपर्यंत सरकत असेल, कड करडी किंवा काळपट होत असेल, वास येत असेल, तर ऊतक मरतंय. तेव्हा घरगुती काही करू नका, डॉक्टरकडे या.

बुरशी, म्हणजे बहुतेक वेळा सॅप्रोलेग्निया, पाण्यात पाहिली तर पिंजलेल्या कापसासारखी उभी राहते आणि हलते. पाण्याबाहेर काढली की चपटी होऊन दिसेनाशी होते, म्हणून ती पाण्यातच बघा. ती निरोगी कातडीवर सहसा येत नाही, जखमेवर बसते. बर्फीच्या झालरीवर आता जखम आहे, त्यामुळे पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ टॉर्चने बघत जा. अंगावरून पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटत असेल तर ती बुरशी नाही, कात आहे.

लाल रंगाने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पांढऱ्या अ‍ॅक्सोलॉटलच्या शेपटीत बारीक रक्तवाहिन्या दिसतातच, आणि खाल्ल्यावर किंवा पळापळ केल्यावर गुलाबी छटा चढते. ते ठीक आहे. पण लाल डाग पसरत असतील, शेपटीच्या मुळाशी, पोटावर किंवा पायांवर ठिपके उठत असतील, तर रक्तात जंतू गेल्याची शक्यता असते, अनेकदा एरोमोनास. त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि ते कोणतं, किती, टोचून की अंघोळीतून, हे वजन करूनच ठरतं. मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टँकमध्ये सोडू नका. फिल्टरचे उरलेसुरले जिवाणूही जातील.

आणखी एक दुर्मीळ गोष्ट. झालर फाटत नाही, पण सगळीकडून सारखीच आखूड होतेय, सोबत कल्लेही आखडतायत, डोळे बाहेर येतायत, पापण्या दिसायला लागल्यात. हे रूपांतर असू शकतं. अ‍ॅक्सोलॉटल आयुष्यभर डिंभावस्थेतच, म्हणजे पिल्लाच्याच रूपात, राहतो, पण थायरॉइडच्या संप्रेरकामुळे क्वचित एखादा जमिनीवरचा सॅलमँडर होतो. पॅरिसमध्ये ऑग्युस्त द्युमेरिल यांनी १८६५ मध्ये आपल्याकडच्या पिल्लांमध्ये हे पाहिलं, तेव्हा कुठे युरोपातल्या अभ्यासकांना हा प्राणी नक्की काय आहे ते समजू लागलं. थायरॉइडच्या संप्रेरकाला आयोडीन लागतं, म्हणून यांच्या टबमध्ये आयोडीनचं मीठ नको आणि जखमेवर पोव्हिडोन आयोडीनही नको.

डॉक्टर शोधताना आधी फोन करून विचारा की उभयचर पाहता का. 'एक्झॉटिक' लिहिलेल्या सगळ्यांनी अ‍ॅक्सोलॉटल पाहिलेला असतोच असं नाही. नेताना टँकच्या पाण्याची वेगळी बाटली आणि चाचणीचे आकडे घेऊन या. माझा निम्मा वेळ वाचतो.

गिरगावकर७ | २१ एप्रिल, सकाळी १०:१०

ताई, काळजी करू नका, माझ्याकडच्याला मागच्या वर्षी शेपटीवर कापूस आला होता. मिठाच्या पाण्याने पाच दिवसांत गेला. लिटरला दोन चमचे जाडं मीठ, आयोडीनविना, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. सुरू करून टाका.

प्राण्यांचीडॉक्टर | २१ एप्रिल, दुपारी १:००

गिरगावकर७, कापसावर तुमचा उपाय चालतो आणि प्रमाणही बरोबर आहे. पण १५ मिनिटांच्या वर एक मिनिटही नको. मीठ बुरशीबरोबर कल्ले आणि कातडीही पोळतं. बर्फीला मात्र बुरशी नाहीये. तिची झालर आधीच अमोनियाने पोळलीय, त्यावर मीठ कशाला? जखम उघडी असताना 'असावं म्हणून' कोणतीच अंघोळ नको.

तळ्याकाठी | २१ एप्रिल, दुपारी १:२५

मी तर मीठ कधीच वापरत नाही. गार, स्वच्छ पाणी आणि धीर, बस्स. डॉक्टरांचं मत माझ्याहून मवाळ आहे, ते माना.

ओलीमाती | २१ एप्रिल, रात्री ८:४५

माझा उपाय साधा आहे. देशी बदामाची पानं. आपल्याकडे रस्तोरस्ती हे झाड आहे, हिवाळ्याच्या शेवटी लालभडक होऊन पानं गळतात. मी जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या कॉलनीच्या आतल्या झाडाखालची, स्वतःहून गळलेली, पूर्ण वाळलेली पानं जमवते. हमरस्त्यावरची घेत नाही, धूर आणि धूळ बसलेली असते. औषध फवारलेल्या झाडाचीही नाही. धुऊन, उन्हात वाळवून, जुन्या वर्तमानपत्रात बांधून ठेवते. वर्षभर पुरतात.

दहा लिटरच्या टबात एक मध्यम पान. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. त्यातलं टॅनिन बुरशीला थोडं रोखतं आणि कातडीला शांत करतं. हे औषध नाही, आधार आहे. पान नसेल तर काही जण साध्या काळ्या चहाचं पाणीही वापरतात. त्यात मसाला, वास, लिंबू काहीही नको.

ताई, तुम्ही लालबागला आहात ना? मी शिवडीला. डबा भरून देते, स्टेशनवर भेटू.

बर्फीचीआई | २२ एप्रिल, रात्री १०:३०

ओलीमाती, तुमची पानं मिळाली. किती व्यवस्थित बांधली होती, प्रत्येक थरात कागद! टबात एक टाकलंय. बर्फी त्या पानाखालीच जाऊन बसली.

टोक अजून वळलेलंच आहे. पण आज कल्ले जरा मागे गेलेत. खाल्लं नाही.

टबचं तापमान २७ झालंय. टँकमध्ये पंख्याने २४ पर्यंत तरी यायचं. पंखा टबवर लावला तर आठवडाभर जमेल का?

तळ्याकाठी | २३ एप्रिल, सकाळी ६:४०

पंख्याबद्दल नीट लिहितो, मुंबईत बहुतेकांचं इथेच चुकतं.

पंखा पाणी गार करतो बाष्पीभवनाने. हवा कोरडी असेल तर तीन-चार अंश सहज उतरतात. पुण्यात मे महिन्यात तो उत्तम चालतो. आपली हवा दमट. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर जे तापमान दिसतं, त्याखाली पंखा पाण्याला नेऊ शकत नाही, कितीही मोठा लावा. पावसाळ्यात ते तापमान २५-२६ च्या आसपास असतं. म्हणजे जुलैत पंखा नुसता फिरत राहणार. तुमचे २३-२४ हे बर्फाच्या बाटल्यांमुळे होते, आणि त्यांचा तोटा असा की दुपारी २३, पहाटे २६. रोजचा हा चढउतारही प्राण्याला झेपत नाही.

या प्राण्याला १६ ते १८ लागतं. २० पर्यंत चालून जातं. २४ च्या वर प्रत्येक दिवस कर्जाचा. त्यांचं गाव समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर आहे, महाबळेश्वरहून कितीतरी उंच. आपण त्यांना लालबाग-भांडुपला आणलंय, तर थंडावा देणं ही आपली जबाबदारी. चिलर, म्हणजे टँकचं पाणी गार करणारं यंत्र, घ्या. महाग आहे, मला माहितीये. मी दोन वर्षं पैसे जमवून घेतला. तो गरम हवा बाहेर टाकतो, म्हणून कोंदट कपाटात ठेवू नका, खिडकीजवळ ठेवा. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती तो दिवस आठवा. तेव्हापासून माझ्या फ्रीझरमध्ये चार बाटल्या कायम असतात.

तोपर्यंत टबसाठी: थर्माकोलचा मासळीवाल्यांकडचा खोका स्वच्छ धुऊन त्यात टब ठेवा, आणि टबच्या बाहेर, खोक्यात बर्फाच्या बाटल्या. पाणी हळूहळू गार होतं आणि टिकतं. मी असं १९-२० ठेवू शकलोय.

नवखा_ठाणेकर | २३ एप्रिल, दुपारी १२:१५

मध्येच विचारतो, माफ करा. फ्रिजमध्ये ठेवतात असं वाचलंय. खरं आहे का?

प्राण्यांचीडॉक्टर | २३ एप्रिल, रात्री ९:५०

खरं आहे. ५ ते ८ अंशांत ठेवल्याने बुरशी आणि जंतूंची वाढ मंदावते. पण प्राण्याचं पचन, प्रतिकारशक्ती आणि जखम भरणंही मंदावतं. २७ वरून एकदम ६ वर नेलं तर तो धक्काच. मी अगदी निवडक वेळीच सांगते, आणि तेही पायरीपायरीने उतरवून. बर्फीला गरज नाही. १८ पुरे.

गिरगावकर७ | २४ एप्रिल, रात्री ११:००

डॉक्टर, मिठाची घाई केल्याबद्दल क्षमस्व. आता माझाच प्रश्न. नवी दोन पिल्लं आणली, ७ सेंमीची. आज सकाळी एकाच्या शेपटीचा मागचा एक तृतीयांश भाग गायब. दुसऱ्याने खाल्लाय. रक्त थांबलंय. टाके पडतात का? पट्टी?

तळ्याकाठी | २५ एप्रिल, सकाळी ६:३०

टाके नाहीत, पट्टी नाही. लगेच वेगळं करा. लहानपणी समोर जे हलेल ते तोंडात घेणं हा त्यांचा स्वभावच आहे, भावंडंसुद्धा सुटत नाहीत. एकत्र ठेवायची तर सारख्या आकाराची, पोट भरलेली, आणि लपायला दोन-दोन जागा. तरीही भरवसा नाही. मी वाढ होईपर्यंत वेगळीच ठेवतो.

शेपटी येईल. जखमेवर दिवसाभरात पातळ कातडी चढते, खाली पेशींचा गोळा तयार होतो, आणि त्यातून स्नायू, झालर, मणक्याचा भाग, अगदी मज्जारज्जूसुद्धा पुन्हा घडतो, व्रण न ठेवता. जगभरच्या प्रयोगशाळा याच गुणासाठी हा प्राणी पाळतात. माझ्याकडच्या एका पिल्लाची अर्धी शेपटी अडीच महिन्यांत पूर्ण झाली. मोठ्यांना जास्त वेळ लागतो. तुमचं काम एकच, रोज स्वच्छ पाणी आणि भरपूर गांडूळ. नवं टोक सुरुवातीला काचेसारखं पारदर्शक आणि निमुळतं दिसेल. ते बुरशी समजून खरवडू नका. माझ्या ओळखीच्या एकाने खरवडलं होतं.

ओलीमाती | २५ एप्रिल, सकाळी ९:०५

गांडुळांबद्दल एक. गांडूळखतवाल्यांकडे मिळणारे तांबडे, पट्ट्यापट्ट्यांचे गांडूळ अंगातून कडवट पिवळा स्राव सोडतात. बरेच अ‍ॅक्सोलॉटल ते थुंकतात आणि मालकांना वाटतं आजारपणात खात नाही. कुंडीतले साधे गांडूळ देऊन बघा, खत-कीटकनाशक न घातलेल्या मातीतले.

बर्फीचीआई | २७ एप्रिल, सकाळी ७:२०

खाल्लं!! ओलीमातींचं वाचून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतून एक गांडूळ काढलं, धुतलं, अर्धं कापून दिलं. एका झटक्यात गेलं. मुलगा शाळेच्या गणवेशात टबाजवळ बसून रडला. मीही.

थर्माकोलच्या खोक्यात टब १९ ते २० वर आहे. टोक अर्धं सरळ झालंय. पण डॉक्टर, काल रात्री त्या पांढऱ्या ठिपक्यावर दोन-तीन मिलिमीटर कापूस दिसला. टॉर्चने पाहिला, पाण्यात हलतो.

प्राण्यांचीडॉक्टर | २७ एप्रिल, सकाळी ८:००

खाऊ लागली ही सगळ्यात चांगली बातमी. कापूस लहान आहे आणि जखमेच्या कडा आता शांत झाल्यात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, पण मी न बघता डोस लिहिणार नाही. आज संध्याकाळी तुमच्या जवळच्या, उभयचर पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा मिथिलीन ब्लूची किंवा मिठाची छोटी अंघोळ सांगतील. जे काही करायचं ते वेगळ्या भांड्यात. मिथिलीन ब्लू टँकमध्ये गेलं तर फिल्टरचे जिवाणू पुन्हा मरतील आणि सिलिकॉनचे सांधेही निळे होतील. कापूस बोटाने ओढून काढू नका.

बर्फीचीआई | ४ मे, रात्री १०:१५

दाखवलं. मिठाची अंघोळ, दहा मिनिटं, दिवसातून एकदा, पाच दिवस. मी घड्याळ लावून बसायचे. चौथ्या दिवशी कापूस गळून पडला. टोक आता पूर्ण सरळ. झालर मात्र दोन ठिकाणी खाचा पडल्यासारखी आहे.

रिकामा टँक पुन्हा सायकल करतेय, म्हणजे फिल्टरमध्ये ते जिवाणू परत वाढवतेय. तळ्याकाठी काकांनी त्यांच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत घालून दिला. भांडुपहून लालबागपर्यंत लोकलमध्ये मांडीवर ठेवून आणला.

कागदपत्र | ५ मे, दुपारी ४:३०

सगळ्यांनाच एक आठवण. अ‍ॅक्सोलॉटल साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइट्सच्या प्रजाती आल्या, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जिवंत प्राण्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी कुणाला दिला किंवा दगावला, तर तेही कळवायचं असतं. मूळ ठिकाणी हा प्राणी अतिसंकटग्रस्त आहे, हे विसरू नका. गिरगावकर७, तुमची दोन पिल्लं नोंदवली का?

गिरगावकर७ | ५ मे, रात्री ९:००

नव्हती. या रविवारी बसून करतो. पिल्लाच्या शेपटीला काचेसारखं टोक फुटलंय, खरवडलेलं नाही.

नवखा_ठाणेकर | ९ मे, रात्री ८:००

माझ्याकडे उलटच झालं. पीएच हळूहळू ६ च्या खाली गेला, अमोनिया वाढला आणि शेपटीची कड झिजली. फिल्टरला तर मी हातही लावला नव्हता.

तळ्याकाठी | १० मे, सकाळी ६:२०

तुमचं पाणी मृदू असणार. धरणाच्या पाण्यात क्षार कमी. जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, वापरतात. ती संपली की पीएच कोसळतो, आणि पीएच कोसळला की जिवाणूंचं काम थांबतं. क्षारता मोजायचं किट घ्या. शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा, तो हळूहळू विरघळतो. पण आज एकदम पीएच वर नेऊ नका. साठलेला अमोनिया त्याच क्षणी जास्त विषारी होतो. आधी प्राणी टबात, मग पाणी बदला, मग चुरा.

उन्हाळ्यात टँकरचं बोअरचं पाणी आलं तर सगळं उलटं, जड पाणी. त्या आठवड्यात रोज मोजा.

बर्फीचीआई | २ जून, रात्री ९:४०

टँकमध्ये परत सोडून आज दहा दिवस झाले. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. चिलर घेतला, सासूबाईंनी भिशीचे पैसे पुढे केले. तापमान १८ वर स्थिर. झोत काचेकडे वळवलाय, वर स्पंज बांधलाय. खाचा भरून आल्यात. तिथली नवी झालर अजून जरा जास्त पारदर्शक दिसते, इतकाच फरक.

परवा जिन्यात पुन्हा टाकी सफाईची नोटीस लागली. आता मी त्या फळ्याकडे रोज बघते. ४० लिटर पाणी आधीच भरून ठेवलंय.

तळ्याकाठी | ३ जून, सकाळी ६:१०

आणखी २० भरा. टाकी धुतल्यावर पहिले दोन दिवस नळाचं पाणी घेऊच नका, आणि तिसऱ्या दिवशी घेताना क्लोरीनची पट्टी बुडवून बघा.